घरगुती लाकडी खुराडे : रंगरोगण करताना घ्यावयाची काळजी

सुतारकाम, पॉलिश आणि रंगकाम हे आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांच्या पोटापाण्याचे धंदे आहेत. दारे-खिडक्या, पलंग, कपाटे यांच्या कामात आपला कारागीर कोणाला हार जाणारा नाही. या कारागिरांकडे अधूनमधून एक छोटे काम येते. कोणाला परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडे हवे असते, कोणाला मुलांच्या सशांसाठी पिंजरा, कोणाला गच्चीवर कबुतरांची ढाबळ, तर कोणाला बकरी ईदच्या आधी आणलेल्या बोकडासाठी लाकडी कठडा. काम लहान, पैसा थोडा. म्हणून ते बहुधा उरलेल्या फळ्यांतून आणि डब्यात उरलेल्या रंगातून उरकले जाते. अनेक घरांत तर घरमालक स्वतःच चार फळ्या ठोकून खुराडे तयार करतो आणि रंग कोणता द्यावा, एवढेच विचारायला दुकानात येतो.

नेमकी येथेच गफलत होते. कपाटाला दिलेले पॉलिश कोणी चाटत नाही. खुराड्याचे तसे नाही. त्यात राहणारा जीव रंगाला चोच मारतो, लाकूड कुरतडतो, भिंतीला अंग घासतो आणि रात्रभर त्याच चार फळ्यांतली हवा घेतो. रंग चुकीचा असला तर त्याचा परिणाम आधी जनावरावर होतो आणि नंतर अंड्यातून, दुधातून, मांसातून माणसापर्यंत येतो. म्हणून या लहान कामाची रीत आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. उदाहरणासाठी आम्ही कोंबड्यांचे खुराडे घेतले आहे. इतर जनावरांसाठी काय बदल करावा, ते शेवटी सांगितले आहे.

साऱ्या लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : रंग आणि तेल बाहेरून, चुना आतून, आणि पूर्ण सुकल्याशिवाय जनावर आत सोडायचे नाही.

पक्ष्याची छाती नाजूक असते

पक्ष्याची श्वास घेण्याची रचना माणसाहून वेगळी आहे. त्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने सतत वाहत राहते. त्यामुळे हवेतला प्राणवायू तो फार चांगला शोषून घेतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच लवकर शोषतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची खबर मिळावी म्हणून कॅनरी पक्षी ठेवत असत. ही पद्धत १९८६ सालापर्यंत चालू होती. माणसाला कळण्याआधी पक्षी मान टाकत असे, म्हणूनच त्याला तेथे नेत.

हे लक्षात घेतले म्हणजे थिनर, एन.सी. लॅकर, मेलामाइन किंवा दोन डब्यांचे पी.यू. पॉलिश खुराड्याच्या आतल्या बाजूला का मारू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याला वास गेला असे वाटते तेव्हाही बंद खुराड्यात तो शिल्लक असतो. पी.यू.च्या हार्डनरमध्ये जी रसायने असतात, त्यांनी फवारणी करणाऱ्या कारागिरालाही दम्याचा विकार जडू शकतो. तेव्हा या कामात ते टाळणे जनावराच्या आणि आपल्या, दोघांच्याही हिताचे आहे.

लाकूड कोठून आले, ते आधी पाहा

मुंबईत रे रोड, पुण्यात भवानी पेठेचे टिंबर मार्केट, किंवा गावोगावची जुन्या सामानाची दुकाने येथून पाडलेल्या घरांचे लाकूड स्वस्तात मिळते. जुना साग वाळवीला सहसा दाद देत नाही. पण त्यावरचा जुना रंग हा मोठा धोका आहे. पूर्वीच्या ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे घातलेले असे. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये तर शिसे हाच मुख्य पदार्थ होता. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेली चौकट शिशाची असू शकते, असे धरूनच चालावे.

अशा रंगाच्या खपल्या कोंबडी दाणा समजून टिपते. तिच्या पोटात गेलेले शिसे अंड्यात उतरते. बकरी आणि गाय रंगवलेले लाकूड चाटतात, त्यांनाही विषबाधा होते. आणि कारागीर असा रंग कोरडा घासतो तेव्हा ती धूळ त्याच्या छातीत आणि कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत जाते. म्हणून जुन्या रंगाचे लाकूड खुराड्यासाठी घेऊच नये. घ्यावेच लागले तर रंग पाणी मारून ओला ठेवून खरवडावा, ब्लो लँपने जाळू नये, नाका-तोंडावर चांगला मास्क बांधावा आणि खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवाव्यात. त्या अंगणात झाडून टाकू नयेत.

दुसरे स्वस्त लाकूड म्हणजे मालाच्या पॅलेटचे. परदेशी मालाच्या पॅलेटवर कणसाच्या चित्राचा शिक्का आणि काही इंग्रजी अक्षरे असतात. ‘एच.टी.’ अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ तापवून निर्जंतुक केलेले असते. त्याचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवलेला असतो. ते चालेल. ‘एम.बी.’ अक्षरे असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते बाजूला ठेवावे. शिक्का काहीही असो, ज्यावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत ते पॅलेट घेऊ नये.

प्लायवूडबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आय.एस. ७१० मार्काचे मरीन प्लाय पाण्याला टिकते, पण त्यात कीड न लागण्यासाठी औषध मुरवलेले असते. ते छपराला किंवा बाहेरच्या बाजूला वापरण्यास हरकत नाही. जनावराच्या दाताखाली येईल अशा जागी ते लावू नये.

काळे तेल आणि डांबर नको

वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधले जळके काळे तेल लाकडाला फासण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. तेल फुकट मिळते आणि लाकूडही काळेभोर दिसते. पण या तेलात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. शिवाय ते कधीच सुकत नाही. कोंबडीच्या पिसांना लागते, ती पिसे चोचीने साफ करते आणि तेल पोटात जाते. कोळशाच्या डांबराचे तेल, म्हणजे क्रिओसोट, हेही तसेच. कोकणात होड्यांना पूर्वीपासून काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते लाकूड टिकवते खरे, पण त्वचेला भाजते. जनावराच्या निवाऱ्याला ते लावू नये.

मग वाळवीचे काय? याचे उत्तर डब्यात नाही, बांधणीत आहे. खुराडे जमिनीवर टेकवू नये. चारही पायांखाली जांभ्याचा चिरा किंवा सिमेंटचा ठोकळा द्यावा आणि तळ जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवावा. खालून झाडू फिरला पाहिजे आणि नजरही गेली पाहिजे. वाळवीने मातीचा माग काढला तर तो पायांवर लगेच दिसतो आणि हाताने मोडता येतो. छपराचा पत्रा चारही बाजूंना अर्धा फूट पुढे काढावा. जे काम पुढे आलेला पत्रा करतो, ते रंगाचे तीन हात मारूनही होत नाही.

रंगापूर्वीची तयारी

लाकूड ओले असताना रंग मारला तर आतले पाणी बाहेर येण्यासाठी रंगाला फुगे आणते आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. हेच पापुद्रे पुढे कोंबडी टिपते. म्हणून ताजी चिरलेली फळी काही आठवडे हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावी.

फळी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि नंतर १२० नंबरने, रेषेच्या दिशेने घासावी. पाण्याचा रंग देणार असाल तर ओले फडके फिरवून लाकडाचे केस उभे राहू द्यावेत. सुकल्यावर १८० नंबरचा हलका हात मारावा. लाकडाची धूळही फुप्फुसाला आणि नाकाला घातक असते, तेव्हा मास्क येथेही हवाच.

सांधे आणि भेगा बुजवणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. कोंबड्यांना लागणारी लाल माइट ही बारीक कीड दिवसा अशाच फटींत दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पिते. फटी बुजल्या तर तिला घर उरत नाही. लाकडाचा बारीक भुसा आणि पाण्याचा पांढरा डिंक, म्हणजे सुताराचा फेव्हिकॉल, यांची लांबी करून फटी भराव्यात. पण हवेसाठी छपराखाली ठेवलेल्या झरोक्यांना हात लावू नये. विष्ठेतून अमोनिया निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. लाकूड सील करायचे आहे, खुराडे नव्हे.

जाळी रंगकाम झाल्यावर ठोकावी. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताची पूड आणि गुठळ्या असतात. त्या पक्ष्याच्या पोटात गेल्या तर विष ठरतात. जाळी आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, वाळवून घ्यावी.

बाहेरची बाजू : रंग आणि तेल

बाहेरच्या बाजूसाठी आम्ही दोन मार्ग सुचवतो.

पहिला मार्ग तेलाचा. मराठवाडा, खानदेश, सोलापूर अशा कोरड्या हवेच्या भागांत तो उत्तम. १ लिटर जवसाचे तेल, पाव लिटर टर्पेंटाइन आणि १०० ते २०० ग्रॅम वस्त्रगाळ गेरू एकत्र करावे. पिवळट छटा हवी असेल तर गेरूऐवजी पिवडी घ्यावी. गेरू आणि पिवडी या लोखंडाच्या गंजाच्या जातीच्या माती आहेत, त्यांचा रंग उन्हाने उडत नाही. मिश्रण सारखे ढवळत राहावे, नाहीतर गेरू तळाशी बसतो. पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे. दोन हातांत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. कच्चे तेल सुकायला कित्येक आठवडे लागू शकतात. बाजारात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल लवकर सुकते, पण ते नुसते उकळलेले नसते, त्यात धातूंची सुकवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. डब्यावर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले असेल तेच घ्यावे.

येथे एक इशारा अत्यंत गंभीरपणे द्यावासा वाटतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. त्यासाठी ठिणगी लागत नाही. लाकडाच्या वखारीत अशी एक चिंधीही सारे होत्याचे नव्हते करू शकते. काम संपताच फडकी पाण्याच्या बादलीत बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

दुसरा मार्ग पाण्याच्या रंगाचा. कोकणासारख्या दमट, धुवाधार पावसाच्या भागात जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते. तेथे पाण्यात मिसळणारा वुड स्टेन आणि त्यावर बाहेरच्या वापराचे पाण्याचेच अॅक्रेलिक सीलर, असे दोन ते तीन हात द्यावेत. दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत : हा माल बाहेरच्या वापराचा आहे काय? आणि तो लहान मुलांच्या खेळण्यांच्या मानकात बसतो काय? भारतात खेळण्यांतील घातक धातूंसाठी आय.एस. ९८७३ या मानकाचा तिसरा भाग आहे. युरोपचे असेच मानक ई.एन. ७१-३ आहे. मूल तोंडात घालते त्या खेळण्याला चालणारा रंग खुराड्यालाही चालतो, मात्र तो पूर्ण सुकल्यानंतरच.

मार्ग कोणताही असो, फळीची कापलेली टोके विसरू नयेत. पाणी सर्वांत जास्त तेथूनच शिरते. बाकी ठिकाणी दोन हात, तर टोकांना तीन.

लाखेच्या पॉलिशबद्दल अनेक जण विचारतात. लाख हा नैसर्गिक पदार्थ आहे, औषधाच्या गोळ्यांवरही तिचा थर देतात. स्पिरिट उडून गेल्यावर ती निरुपद्रवी असते. पण पाण्याने ती पांढरी पडते आणि अमोनियाने विरघळते. म्हणून खुराड्याच्या तळाला आणि पावसाच्या तोंडी ती टिकत नाही. घरात ठेवायच्या छोट्या पिंजऱ्याला बाहेरून लाखेचे पॉलिश करण्यास मात्र हरकत नाही.

आतली बाजू : चुना

आतून देण्यासाठी आपल्या आजोबांच्या काळापासूनचा चुनाच सर्वांत योग्य. विरलेला चुना १ किलो, पाणी ३ ते ४ लिटर आणि मूठभर मीठ. रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळावा. द्रव दुधासारखा असावा. फळीवर आधी पाण्याचा हात फिरवून मग चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. ताजा चुना तीव्र असतो. तो जंतू मारतो, बारीक फटी बुजवतो आणि माइटला आसरा ठेवत नाही. सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे पुढे कोंबडीने चोच मारली तरी अपाय नाही. ओला चुना मात्र डोळ्याला आणि कातडीला भाजतो. हातमोजे आणि चष्मा घालावा.

चुन्याचा जोर काळाने ओसरतो. वर्षातून दोनदा, पावसापूर्वी आणि पावसानंतर, नवा हात द्यावा. कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात ती दांडी तशीच कोरी, गुळगुळीत ठेवावी. तळाला रंग किंवा सीलर देण्यापेक्षा पत्र्याचा सरकता ट्रे बसवावा आणि त्यात भुसा किंवा तांदळाचे तूस पसरावे. ट्रे रोज काढून साफ करता येतो आणि लाकूड ओले होत नाही.

सुकणे आणि ‘सुकल्यासारखे वाटणे’

हाताला चिकटत नाही म्हणजे रंग सुकला, असे नव्हे. वरचा पापुद्रा सुकतो, आत काम चालूच असते. पाण्याच्या सीलरला पूर्ण मुरायला दोन ते चार आठवडे लागतात. तेलाला त्याहून अधिक लागू शकतात. पावसाळ्यात हा काळ आणखी वाढतो. म्हणून शक्यतो दिवाळीनंतर ते मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत हे काम करावे, तेही सावलीत.

सुपूर्द करण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली नाकाची : खुराडे रात्रभर बंद ठेवावे, सकाळी दार उघडून आत डोके घालावे. रंगाचा वास आला तर अजून थांबावे. दुसरी नखाची : न दिसणाऱ्या जागी नख दाबावे. वळ उठला तर रंग कच्चा आहे. तिसरी फडक्याची : ओले पांढरे फडके बाहेरच्या फळीवर जोरात घासावे. रंग फडक्यावर आला तर तो पोटातही जाईल. तिन्ही परीक्षांत उतरले तरच जनावर आत सोडावे.

इतर जनावरांसाठी

ससा : त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून तो लाकूड कुरतडणारच. आतून रंग नको, तेल नको, चुनाही नको. लाकूड कोरे ठेवावे, कडांना पत्र्याची पट्टी मारावी आणि कोपऱ्यात मुत्रीसाठी वेगळा ट्रे द्यावा.

बकरी : जीभ आणि दात पोचतील त्या उंचीपर्यंत, दोन्ही बाजूंनी, लाकूड कोरे ठेवावे. ईदपूर्वी दहा-पंधरा दिवसांसाठी केलेल्या कठड्याला तर रंगाची गरजच नाही. तेवढ्या दिवसांत रंग सुकतही नाही.

कबूतर : कोंबडीचीच रीत. ढाबळ गच्चीवर ऊन-पावसात असते, तेव्हा बाहेरचा हात दर वर्षी तपासावा.

हिशेब आणि जबान

चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच खुराडे सहा कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याला पुरते. त्याच्या चार भिंती ४२ चौरस फूट आणि छप्पर १२, असे ५४ चौरस फूट बाहेरचे काम. दोन हातांचे १०८ चौरस फूट झाले. खरखरीत लाकूड जास्त पिते हे धरून सव्वा लिटर मालात ते होते. आतल्या चुन्याचा खर्च नाममात्र. म्हणजे योग्य माल वापरण्यात आणि उरलेला कोणताही रंग फासण्यात पैशाचा फरक फार मोठा नाही. खरा फरक दिवसांचा आहे.

आणि दिवसांच्या बाबतीतच आपला कारागीर अडचणीत येतो. गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंत द्या म्हणते, आपण हो म्हणतो आणि ओला रंग तसाच पाठवतो. आमचे सांगणे असे की, भाव सांगतानाच सुकण्याचे दिवस सांगावेत. बिलावर कोणते लाकूड, कोणता रंग, कोणते तेल हे लिहावे आणि ‘अमुक तारखेपूर्वी जनावर सोडू नये’ अशी ओळ टाकावी. डब्यावरचे लेबल दाखवावे. घाई असेल तर सरळ सांगावे की, कोरे लाकूड न्या, आतून चुना देऊन ठेवतो, बाहेरचा रंग सवडीने करू. असे सांगणारा मिस्त्री एखादे काम गमावेल, पण त्याच्या हातचे खुराडे नेलेल्या घरातून पुढे पलंगाचे आणि कपाटाचे काम त्याच्याकडेच येईल. जनावराला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने काळजी घेणे कारागिराच्याच हातात आहे.